तुमच्या अंगठीतलं सोनं कुठे बनलं? म्हाताऱ्या ताऱ्यांचं उत्तर रील्सपेक्षा थोडं वेगळं आहे

सोन्याचा आजचा भाव काय, हे आपल्याला तोंडपाठ असतं. लग्नसराई आली की घरोघरी तीच चर्चा. पण हे सोनं मुळात बनलं कुठे असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर असतं, खाणीत.

खाणीत सोनं सापडतं, बनत नाही. पृथ्वीच्या पोटातली उष्णता आणि दाब सोनं वितळवू शकतात, इकडून तिकडे हलवू शकतात. सोन्याचा अणू घडवणं मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. माणसानं आत्तापर्यंत दोन लाख टनांहून जास्त सोनं खणून काढलंय. ते सगळं आपल्या पृथ्वीच्याच नाही, तर सूर्याच्याही जन्माआधी तयार झालेलं आहे.

मग ते बनवलं कोणी? सोशल मीडियावर याचं एक तयार उत्तर फिरत असतं. 'दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळतात आणि सोनं तयार होतं.' हे खोटं नाही. पण हे पूर्ण उत्तर आहे का, याबद्दल शास्त्रज्ञांना शंका आहे. ही शंका आली ती आकाशातल्या सगळ्यात म्हाताऱ्या ताऱ्यांमुळे.

हे प्रकरण नेमकं काय आहे, ते समजून घेऊ.

सुरुवातीला विश्वात होतं काय?

सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी बिग बँग झाला. त्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत फक्त सगळ्यात हलकी मूलद्रव्यं तयार झाली. भरपूर हायड्रोजन, बराच हेलियम आणि नावापुरतं लिथियम. तुमच्या रक्तातलं लोह, हाडांतलं कॅल्शियम, श्वासातला ऑक्सिजन यातलं काहीच तेव्हा नव्हतं. सोनं तर फार लांबची गोष्ट.

ही मूलद्रव्यं नंतर ताऱ्यांनी बनवली. ताऱ्याच्या गाभ्यात प्रचंड उष्णता असते. तिथे हायड्रोजनचे अणुगर्भ एकत्र येऊन हेलियम बनतो, हेलियमपासून कार्बन, आणि मोठ्या ताऱ्यांमध्ये पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन अशी साखळी चालत राहते. प्रत्येक पायरीवर ऊर्जा बाहेर पडते आणि त्यावरच तारा तग धरून असतो.

पण लोहापाशी ही भट्टी विझते. लोहाचे अणुगर्भ जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्च करावी लागते. म्हणजे दुकान चालतंय, पण प्रत्येक विक्रीवर तोटा. असं दुकान फार दिवस चालत नाही. मोठ्या ताऱ्याचा गाभा लोहाचा झाला की तो कोसळतो आणि ताऱ्याचा शेवट होतो.

म्हणजे लोहापर्यंतचा हिशेब लागला. पण चांदी, आयोडीन, सोनं, शिसं, युरेनियम ही सगळी लोहापेक्षा जड आहेत. ती कुठून आली?

१९५७ चा तो पेपर

या प्रश्नाचं पहिलं नीट उत्तर १९५७ मध्ये आलं. मार्गारेट बर्बिज, जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल या चौघांनी एक लांबलचक शोधनिबंध लिहिला. कोणतं मूलद्रव्य कोणत्या प्रक्रियेतून बनत असावं, याची त्यांनी जणू यादीच दिली. त्याच वर्षी ॲलिस्टर कॅमेरॉन यांनीही स्वतंत्रपणे असंच काम मांडलं.

यातलं हॉइल हे नाव मराठी वाचकांना ओळखीचं वाटेल. डॉ. जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधले गुरू ते हेच. आणि फाउलर यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा त्यांच्यासोबत ते विभागून मिळालं होतं सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना.

या पेपरच्या पाच वर्षं आधी, १९५२ मध्ये, पॉल मेरिल या खगोलशास्त्रज्ञाला काही ताऱ्यांच्या प्रकाशात टेक्निशियम नावाचं मूलद्रव्य दिसलं होतं. टेक्निशियम फार टिकत नाही. त्याचा सगळ्यात टिकाऊ प्रकारही सुमारे ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. ताऱ्यांच्या वयापुढे हा काळ म्हणजे काहीच नाही. तरीही तो ताऱ्यात दिसतोय, याचा अर्थ तो तिथेच ताजा ताजा बनतोय. तारे लोहापेक्षा जड मूलद्रव्यं बनवतात, याचा तो थेट पुरावा होता.

न्यूट्रॉनची गर्दी: दोन प्रकारची

१९५७ च्या पेपरमधली कळीची गोष्ट म्हणजे न्यूट्रॉन. अणुगर्भावर धन विद्युतभार असतो, त्यामुळे दोन अणुगर्भ एकमेकांना दूर ढकलतात. न्यूट्रॉनवर कोणताच भार नसतो. त्यामुळे तो सहज आत शिरतो. आत न्यूट्रॉन जास्त झाले की एखादा न्यूट्रॉन प्रोटॉनमध्ये बदलतो. एक प्रोटॉन वाढला की मूलद्रव्य बदललं! पुढचं, जास्त जड मूलद्रव्य तयार झालं.

हे दोन पद्धतींनी होतं. समजायला मुंबईची लोकल डोळ्यांसमोर आणा.

पहिली पद्धत म्हणजे रात्री उशिराची लोकल. एखाद-दुसरा प्रवासी चढतो, आरामात जागा बघून बसतो, मग पुढच्या स्टेशनवर दुसरा चढतो. अणुगर्भातही तसंच होतं. एक न्यूट्रॉन आत येतो आणि पुढचा येईपर्यंत कित्येक वर्षं जाऊ शकतात. तेवढ्यात आतलं सगळं स्थिरस्थावर होतं. हे आयुष्याच्या शेवटाकडे आलेल्या, फुगलेल्या मध्यम ताऱ्यांमध्ये चालतं. बेरियम आणि शिसं यांचा मोठा भाग असाच बनला. याला म्हणतात संथ प्रक्रिया.

दुसरी पद्धत म्हणजे सकाळी साडेआठची विरार लोकल. बसायचा प्रश्नच नाही, एकावर एक माणसं आत घुसतात. इथे सेकंदभरात एका अणुगर्भात डझनावारी न्यूट्रॉन कोंबले जातात. गर्दी ओसरल्यावर मग आतल्या न्यूट्रॉनचे प्रोटॉन होत जातात आणि एकदम जड मूलद्रव्यं तयार होतात. सोनं, प्लॅटिनम, युरोपियम, आयोडीन ही मुख्यतः या शीघ्र प्रक्रियेतून आली. थोरियम आणि युरेनियम तर फक्त याच वाटेनं बनतात.

संथ प्रक्रिया कुठे होते, हे बऱ्यापैकी कळलंय. अडचण आहे ती शीघ्र प्रक्रियेची. एवढे न्यूट्रॉन, एवढ्या कमी वेळात, विश्वात कुठे मिळतात?

इथेच म्हातारे तारे कामाला येतात.

ताऱ्यांचा सातबारा

जमिनीचा मूळ मालक कोण, हे बघायला आपण जुने उतारे काढतो. जितका उतारा जुना, तितक्या त्यावरच्या नोंदी कमी आणि मूळ गोष्ट स्पष्ट. ताऱ्यांचंही तसंच आहे.

सूर्य सुमारे ४६० कोटी वर्षांचा आहे. तो ज्या वायूपासून बनला, त्यात त्याआधीच्या असंख्य ताऱ्यांची राख मिसळलेली होती. त्यामुळे सूर्यातलं सोनं कोणाचं, हे सांगता येत नाही. एवढ्या नोंदी एकमेकांवर चढल्यात की मूळ नाव वाचताच येत नाही.

पण विश्वाच्या सुरुवातीला जन्मलेले काही तारे आजही आहेत. सूर्यापेक्षा थोडे लहान तारे इंधन फार काटकसरीनं वापरतात, आणि १,३०० कोटी वर्षांनंतरही जिवंत असतात. ते जन्मले तेव्हा त्यांच्याआधी मोजकेच तारे स्फोट होऊन संपले होते. त्या मोजक्या घटनांची राख त्यांच्या बाहेरच्या थरांत तशीच जपलेली आहे.

मग तारा म्हातारा आहे हे ओळखायचं कसं? त्यात धातू किती कमी आहेत ते बघून. इथे एक गंमत आहे. खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्याला 'धातू'च म्हणतात. त्यांच्या हिशेबात ऑक्सिजनसुद्धा धातू! साधारणपणे तारा जितका जुना, तितके त्यात धातू कमी. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्कायमॅपर दुर्बिणीच्या मदतीनं सापडलेल्या एका ताऱ्यात लोह सूर्याच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी निघालं.

आणि हे मोजायचं कसं? ताऱ्याचा प्रकाश रंगांमध्ये पसरवला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या, बोटांच्या ठशांसारख्या. रेषा किती गडद आहे आणि ताऱ्याचं तापमान किती आहे, यावरून ते मूलद्रव्य किती आहे हे काढता येतं. त्यासाठी लागणारं समीकरण १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी दिलं. त्याच्याच आधारे १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे असतात, हे दाखवलं.

एका ताऱ्यानं सगळ्यांना चकित केलं

१९९० च्या दशकात अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ क्रिस स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीएस २२८९२-०५२' या ताऱ्याचा बारकाईनं अभ्यास केला. त्यात लोह सूर्याच्या जेमतेम हजाराव्या भागाइतकं. म्हणजे तारा फार जुना. पण लोहाच्या तुलनेत युरोपियमसारखी जड मूलद्रव्यं मात्र सूर्यापेक्षा कितीतरी पट जास्त!

त्याहून मोठा धक्का पुढे होता. बेरियमपासून पुढच्या जड मूलद्रव्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण पाहिलं, तर ते सूर्यातल्या शीघ्र प्रक्रियेच्या वाट्याशी जवळजवळ तंतोतंत जुळत होतं. दोन ताऱ्यांच्या जन्मात शेकडो कोटी वर्षांचं अंतर, ठिकाणं वेगळी, आणि तरी मसाल्याचं प्रमाण तेच. जणू एकाच पाककृतीनं दोन्ही स्वयंपाक झालेत. नंतर असे अनेक तारे सापडले आणि हा नमुना पुन्हा पुन्हा दिसला.

म्हणजे शीघ्र प्रक्रिया विश्वात खूप लवकर सुरू झाली होती, हे नक्की झालं.

२००१ मध्ये 'सीएस ३१०८२-००१' या ताऱ्यात चक्क युरेनियम सापडलं. युरेनियम आणि थोरियम ठरलेल्या गतीनं कमी होत जातात, त्यामुळे ते घड्याळासारखे वापरता येतात. या घड्याळानं ताऱ्याचं वय सांगितलं सुमारे १,२५० कोटी वर्षं, तीनेकशे कोटी इकडेतिकडे. २००७ मध्ये ॲना फ्रेबेल यांच्या गटानं दुसऱ्या एका ताऱ्याचं वय याच पद्धतीनं सुमारे १,३२० कोटी वर्षं काढलं.

दहा पातेली, मीठ एकातच

आता मुख्य प्रश्न. ही प्रक्रिया सगळीकडे थोडी थोडी होत होती, की क्वचित कुठेतरी पण एकदम भरपूर?

२०१५ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या जवळपास फिरणाऱ्या काही अगदी छोट्या, अंधूक दीर्घिका सापडल्या. त्यातली एक रेटिक्युलम-२, सुमारे एक लाख प्रकाशवर्षं दूर. अशा दीर्घिकांमध्ये तारे सुरुवातीलाच थोडा काळ जन्मले आणि मग ते कामच थांबलं. त्यामुळे त्या विश्वाच्या बालपणाची जपून ठेवलेली बरणीच आहेत.

तेव्हा एमआयटीत पीएचडी करत असलेले अलेक्झांडर जी, फ्रेबेल आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या मॅजेलन दुर्बिणीनं तिथले सगळ्यात तेजस्वी नऊ तारे तपासले. नऊपैकी सात ताऱ्यांमध्ये शीघ्र प्रक्रियेची मूलद्रव्यं प्रचंड प्रमाणात निघाली. त्याआधी अशा ज्या दीर्घिका तपासल्या होत्या, त्यांत ही मूलद्रव्यं जवळपास नव्हतीच.

समजा दहा पातेल्यांत आमटी केलीय. नऊ अळणी आहेत आणि दहाव्यात मीठच मीठ आहे. मग मीठ पाण्यातूनच आलं असेल का? नाही. कोणीतरी त्या एकाच पातेल्यात मूठभर मीठ टाकलंय.

मोठे तारे फुटून होणारे नेहमीचे सुपरनोव्हा प्रत्येक दीर्घिकेत होतात. त्यातूनच हे सगळं बनत असतं, तर सगळ्याच दीर्घिकांमध्ये थोडं थोडं दिसलं असतं. म्हणून निष्कर्ष निघाला की ही मूलद्रव्यं क्वचित घडणाऱ्या, पण एका फटक्यात भरपूर माल देणाऱ्या घटनेतून येतात. आणि अशा घटनेसाठी यादीत सगळ्यात वरचं नाव होतं न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर.

१७ ऑगस्ट २०१७

रेटिक्युलम-२ चा शोधनिबंध आला २०१६ मध्ये. पुढच्याच वर्षी ती टक्कर सापडली.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी लायगो आणि व्हर्गो या वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी टिपल्या. १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला. काही तासांत सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं दूर असलेल्या 'एनजीसी ४९९३' या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू दिसला. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनंही या घटनेचा मागोवा घेतला.

प्रकाशाचा रंग ज्या पद्धतीनं निळ्याकडून लाल होत गेला, तो ताज्या जड मूलद्रव्यांची खूण होता. २०१९ मध्ये त्या प्रकाशात स्ट्रॉन्शियमची खूण ओळखली गेली. दिवाळीच्या फटाक्यांना लाल रंग देणारं मूलद्रव्य ते हेच. या एका टकरीत पृथ्वीच्या कित्येक पट वजनाचं सोनं तयार झालं असावं, असा अंदाज आहे. मार्च २०२३ मधल्या एका गॅमा किरण स्फोटानंतर जेम्स वेब दुर्बिणीला अशाच घटनेत टेल्युरियम दिसलं.

रील्समधलं उत्तर इथेच संपतं. पण ताऱ्यांचा सातबारा अजून वाचून संपलेला नाही.

मग घोडं अडलं कुठे?

वेळेवर.

टक्कर व्हायला आधी दोन मोठे तारे जन्मायला हवेत, दोघांचे स्फोट व्हायला हवेत, दोन न्यूट्रॉन तारे उरायला हवेत. मग ते एकमेकांभोवती फिरत फिरत हळूहळू जवळ येणार. यात काही कोटी ते शेकडो कोटी वर्षं जाऊ शकतात. पण अतिप्राचीन ताऱ्यांमध्ये ही मूलद्रव्यं आधीच हजर आहेत. काही जोड्या लवकर आदळल्या असतील, हे शक्य आहे. पण सगळा हिशेब त्यांच्यावर टाकता येतो का?

दुसरी गोष्ट. आकाशगंगेतल्या नंतरच्या ताऱ्यांमध्ये लोह वाढत जातं, पण लोहाच्या तुलनेत युरोपियमचा वाटा घटतो. उशिरा होणाऱ्या टकरी हाच मुख्य स्रोत असता, तर लोहाबरोबर युरोपियमही वाढत राहायला हवं होतं. तसं दिसत नाही. म्हणजे ताऱ्यांच्या जन्मानंतर लगेच काम उरकणारा आणखी एखादा स्रोत असू शकतो.

एक संशयित म्हणजे वेगानं फिरणारे महाकाय तारे, जे कोसळून थेट कृष्णविवर बनतात. पण २०२२ मधल्या अतिशय तेजस्वी गॅमा किरण स्फोटामागचा असा सुपरनोव्हा जेम्स वेबनं तपासला, तेव्हा त्यात जड मूलद्रव्यांची खूण मिळाली नाही.

दुसरा संशयित म्हणजे मॅग्नेटार, प्रचंड चुंबकीय शक्तीचा न्यूट्रॉन तारा. २७ डिसेंबर २००४ रोजी अशा एका ताऱ्याचा महास्फोट नोंदवला गेला होता. त्या जुन्या नोंदी अनिरुद्ध पटेल, ब्रायन मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तपासल्या. स्फोटानंतर थोड्या वेळानं आलेला एक गॅमा किरणांचा संकेत नव्यानं बनलेल्या जड मूलद्रव्यांशी जुळतो, असं त्यांनी २०२५ मध्ये मांडलं. आकाशगंगेतली शीघ्र प्रक्रियेची १ ते १० टक्के मूलद्रव्यं अशा स्फोटांतून आली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. मॅग्नेटार मोठ्या ताऱ्यांच्या मृत्यूनंतर लगेच तयार होतात, त्यामुळे वेळेचं कोडंही थोडं सुटतं.

तर आजचं प्रामाणिक उत्तर असं: टकरीत सोनं बनतं, हे पक्कं. सगळं सोनं टकरीतच बनलं, हे पक्कं नाही.

चांदीची वेगळीच गोष्ट

म्हातारे तारे अजूनही नवं काही सांगतायत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये इयान रोडरर यांच्या गटानं ४२ ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या ताऱ्यांत युरोपियम जास्त, त्यांत चांदी, पॅलेडियम, रोडियम आणि रुथेनियमही जास्त होतं. त्यांच्या शेजारच्या मूलद्रव्यांचं मात्र तसं नव्हतं.

याचा अर्थ लावला गेला तो असा. शीघ्र प्रक्रियेत आधी २६० पेक्षा जास्त अणुभाराचे, म्हणजे युरेनियमहूनही जड अणुगर्भ बनले असावेत. ते टिकले नाहीत, फुटले. आणि त्यांच्या तुकड्यांतून ही मूलद्रव्यं आली. म्हणजे पैंजणातल्या चांदीचा काही भाग एकेकाळी युरेनियमपेक्षा जड अणूंचा तुकडा असू शकतो.

यात आपला काय संबंध?

दागिने बाजूला ठेवा. आपल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं. रोजच्या मिठात ते मुद्दाम घातलं जातं, आणि त्याचे बहुतांश अणू याच शीघ्र प्रक्रियेतले आहेत. पृथ्वीच्या पोटातून बाहेर येणारी सुमारे निम्मी उष्णता मुख्यतः युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारातून येते. ज्वालामुखी, भूकंप, खंडांचं सरकणं यामागे ही उष्णता आहे. म्हणजे 'सोनं कोणी बनवलं' हा प्रश्न खरं तर आपल्यासारखा जिवंत ग्रह कशामुळे घडला, इथपर्यंत जातो.

या शोधात भारतही आहे. लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीतून बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ अशाच कमी धातूंच्या ताऱ्यांचा अभ्यास करतात. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ती सुरू झाली की पुढची टक्कर आकाशात नेमकी कुठे झाली, हे जास्त अचूक कळेल. मग दुर्बिणी लवकर तिकडे वळतील, आणि अशा टकरी किती वेळा होतात, त्यातून किती माल निघतो, याचा खरा हिशेब लागेल.

तो हिशेब म्हाताऱ्या ताऱ्यांतल्या नोंदींशी जुळला, तर टकरी पुरेशा आहेत असं म्हणता येईल. नाही जुळला, तर सोन्याच्या मालकी हक्कावर आणखी एखादं नाव चढवावं लागेल.

तोपर्यंत 'सोनं न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून येतं' असं रील पुढे पाठवताना एक शब्द वाढवायला हरकत नाही: 'टकरीतूनही'.